सभागृहात मी गप्प राहिलो

लालबाग, जानेवारी १९५६, संध्याकाळ

आज सखारामच्या खोलीवर गेलो. निवडणुकीत माझ्यासाठी चाळी पालथ्या घालणारा हा गिरणीकामगार मुंबई महाराष्ट्रातच राहावी म्हणून निघालेल्या मोर्चावर परवा झालेल्या गोळीबारात गेला. वाटलं होतं, त्याची बायको दारातूनच हाकलेल. तिने पाणी दिलं. हाकललं असतं तर बरं झालं असतं का?

"भाऊ, मुंबयसाठी सभागृहात तुमी काय बोललात?" तिने विचारलं.

"काहीच नाही." पक्षाचा आदेश होता, हे सांगायला जीभ रेटेना. पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

"तुमी बोलतलात म्हणान ह्यांनी चार दिस वाट बघल्यानी," ती म्हणाली. "मगे आपणच मोर्चाक गेले."

घरी येऊन आमदारकीचा राजीनामा लिहिला. खाली सही केली. पाच दिवसांपूर्वी केली असती, तर सखाराम घरी असता.