कॉम्प्युटर पुन्हा पासवर्ड मागेल

आई,

कॉम्प्युटर आजपासून सुरू होताना पुन्हा पासवर्ड मागेल. दुरुस्तीवाल्याला बोलावू नकोस, मीच तसं करून ठेवलंय. फोटोंच्या डिस्कला कुलूप घातलं बाबांनीच, पण ज्यांना आपली नावं आठवत नाहीत त्यांना पासवर्ड कुठला आठवायला! तरी त्यांना टाइप करू दे. तीनदा चुकलं की कॉम्प्युटर त्या डिस्कचा नाद सोडतो आणि आपोआप चालू होतो. तेवढा वेळ कळ काढ. कालच्यासारखा कीबोर्ड हिसकावून घेऊ नकोस.

तू चिडलीस म्हणून काल मी कॉम्प्युटरचं ते विचारणंच बंद केलं होतं. कॉम्प्युटर झटकन चालू झाला, तर बाबा स्क्रीनकडे बघतच राहिले. म्हणाले, "आता हासुद्धा मला काही विचारत नाही."