तिसरा अलार्म

३ मार्च, मंगळवार

घरात धुराचे अलार्म बसले. एक झोपायच्या खोलीत, एक स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमध्ये. मला तर गॅसच्या डोक्यावरच हवा होता — वायरमन म्हणाला, "नको काकू, कांदा परतलात तरी बोंबलेल." छताच्या मध्यावर लावायचा, पंख्यापासून लांब, त्याला रंग फासायचा नाही, महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचं. वायरने जोडलेले नसले तरी एकात धूर गेला की सगळे एकदम वाजतात म्हणे! ह्यांनी स्टूल धरलं होतं. वायरमनपेक्षा ह्यांच्याच सूचना जास्त.

खोक्यावर चित्र मात्र तीन अलार्मचं. विचारलं, तर म्हणाले, "दोनच आले. चित्रं काय, कसलीही छापतात." बरं.

६ मार्च

दुपारी कानातलं मशीन काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. ही दोन तासांची शांतता माझी. कोणी त्यात नाक खुपसायचं नाही.

५ एप्रिल, रविवार

आत्ताच्या आत्ता लिहून ठेवते.

सकाळी हे स्टुलावर चढले, बटण दाबलं. मशीन कानात, त्यामुळे तो आवाज म्हणजे नुसती शिक्षा! मी कानांवर हात ठेवून खिडकीकडे वळले. समोरच्या इमारतीत धाकटी बाल्कनीत आली — माझी सख्खी बहीण, जिच्याशी मी तीन वर्षं बोललेली नाही — आणि तिने आमच्या खिडकीकडे बघून अंगठा वर केला! मग मी दिसले तशी झटकन आत पळाली.

मागे वळले, तर ह्यांचाही अंगठा वर. तसाच राहिलेला.

तिसरा अलार्म तिच्याकडे!

"अगं, तुला राग येईल म्हणून सांगितलं नाही."

हेच! अगदी हेच! आई गेली तेव्हा धाकटीने मला दुसऱ्या दिवशी कळवलं. तेव्हा काय म्हणाली? "तुला धक्का बसेल म्हणून सांगितलं नाही." आईचं शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही मला. हे सगळं ह्यांना माहीत आहे. माझ्या शेजारी बसून रडले होते की हे! आणि आता तिलाच सामील?

माझे कान गेलेत, डोकं नाही. मला काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवणारे हे दोघं कोण? एवढा पुळका आलाय तिचा, तर समोरच जाऊन राहा म्हणावं.

६ एप्रिल

अबोला. चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा.

७ एप्रिल

ह्यांना बजावलं — रविवारपर्यंत तो अलार्म काढून आणायचा. "तिच्या घराला आग लागली तर तिचं ती बघून घेईल." बोलून गेले. बोलल्यावर कसंतरीच झालं, पण शब्द मागे घेतला नाही.

हे म्हणाले, "अगं, पण तो अलार्म—" मी सरळ मशीन काढून टेबलावर ठेवलं. ह्यांचे ओठ हलत राहिले. हलू देत.

९ एप्रिल

धाकटी बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. गुडघा अजून दुखतो वाटतं, कठडा धरून धरून चालते. मला काय त्याचं! पडदा ओढला.

१० एप्रिल, शुक्रवार

हे कामावर गेलेले. दुपारी बटाटे उकडायला ठेवले आणि जरा पाठ टेकली. कोणीतरी गदागदा हलवलं तेव्हा डोळे उघडले — खोलीत धूरच धूर, समोर धाकटी. धापा टाकतेय, पायात चपला नाहीत. तीन जिने चढून आली, त्या गुडघ्याने! पातेल्याचा पार कोळसा. अलार्म माझ्या डोक्यावर केव्हाचा कोकलत होता, मला पत्ताच नाही. तिच्या घरात वाजला, म्हणून ती धावली. मशीन तिनेच ड्रॉवरमधून काढून माझ्या हातात दिलं. "अगं बाई, तुझ्यासाठीच लावलाय तो माझ्याकडे! हे काढून झोपतेस ना तू!"

मग सुचलं — ही आत आली कशी? किल्ली! आमच्या दाराची किल्लीसुद्धा ह्यांनी तिला देऊन ठेवलीय. मला न सांगता.

परत मागितली नाही.