उंबरटेपची शाळा आणि गोविंदाची हळद

उंबरटेप, ता. ८ फेब्रुवारी १९९१

ती. आत्यास काळुरामचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझे गुडघे ठाण्यात तरी तुझं ऐकत असतील. मुख्य बातमी, गोविंदाचं जमलं. मुलगी कळव्याची, हळद मे महिन्यात. धाकट्या भावाचे दोनाचे चार हात झाले की मी सुटलो.

दुसरी बातमी वाचून चिडू नकोस. शाळेची जागा बिल्डरला द्यायचं ठरवलंय. आजोबांनी ती तोंडी दिलेली, सातबारा अजून आपल्याच नावावर आहे. शाळेत पोरं उरलीत मूठभर. बाकीची टाय लावून व्हॅनने कल्याणला इंग्रजी शाळेत जातात, आमची शीलासुद्धा. परवा ती न्हाणीघराच्या दारात उभी राहून मला मे आय कम इन विचारत होती. तू तिथे जन्म घालवलास, मी स्वतः तिथे तुझ्या हातचा मार खाल्लाय, सगळं मान्य. पण कौलं गळतात आणि मास्तर बदलीसाठी देव पाण्यात घालून बसलेत. एप्रिलात परीक्षा झाली की जागा मोकळी. मी शब्द दिलाय.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
काळुराम


खोपट, ठाणे, ता. १४ फेब्रुवारी १९९१

चि. काळुरामास अ. उ. आ.

गोविंदाचं जमल्याचा आनंद झाला. मुलीने त्याला नीट उजेडात पाहिलं आहे ना, ते कळव.

चिडू नकोस म्हणालास, म्हणून चिडून लिहिते आहे. माझ्या बाबांना शिक्षणाचं फार प्रेम होतं म्हणून त्यांनी जागा दिली, असं समजू नकोस. शाळा आधी आपल्या ओटीवर भरायची आणि मास्तर तिथेच मुक्कामाला. तो असा घोरायचा की गोठ्यातले बैल दावं ओढायचे. वर आपली सुकट त्याने वर्षभर चाखली. शेवटी बाबा वैतागून म्हणाले की घ्या तो माळ, पण याला माझ्या ओटीवरून हलवा. झाली शाळा! मुली कुणी पाठवेना, तेव्हा पट भरायला मला नेऊन बसवलं. तिथेच शिकले, तिथेच बाई झाले. तुझे आतोबा अचानक गेले तेव्हा घरातल्यांनी मला कोपरा दाखवला आणि शाळेने खुर्ची दिली. ती शाळा तू पाडणार. मला फार वाईट वाटतं आहे, काळुराम.

असो. आपली सखुबाई धवलारीण डोळे दाखवायला ठाण्याला आली होती, माझ्याकडे जेवून गेली. तुझी चौकशी करत होती.

लोभ कर, नाही जमलं तर निदान पत्र कर.

तुझी आत्या,
चंद्रभागा


उंबरटेप, ता. १९ एप्रिल १९९१

ती. आत्यास, कपाळावर हात मारून शि. सा. न. वि. वि.

बिल्डरने पटांगणाभोवती पत्रे ठोकले, आणि दुसऱ्याच दिवशी सखुबाई मांडवाची जागा बघायला आली. आपल्यात तिने मांडवात धवल्याची गाणी गायल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही, त्यामुळे तिच्यापुढे बोलायची सोय नाही. तिने भर नाक्यावर मला विचारलं, की मांडवाची मेढ काय तुझ्या टकलावर पुरू? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हळदीला अख्खा गाव, वर कळव्या-शहाडचे पाव्हणे. अंगणं तर सगळ्यांनी बंगले बांधून संपवलेली. आजवरची प्रत्येक हळद शाळेच्या पटांगणात झाली, आणि जागा देताना मला मात्र ते आठवलं नाही!

संध्याकाळी देवळात बैठक बसली. शाळा पाडणार म्हटल्यावर दोन महिने कुणी हूं की चूं केलं नव्हतं. हळद लावायला जागा नाही म्हटल्यावर सगळे अंगावर धावून आले. शेजारच्या पोपटकाकांच्या तर चारही पोरांची लग्नं व्हायचीत, त्यांना रडूच फुटलं. मग जाऊन शब्द मागे घेऊन आलो. बिल्डरने मला जे काही म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

खरं सांग, सखुबाईला तू जेवायला काय घातलंस? आणि फार खूश होऊ नकोस. पटांगण वाचलं, पण पोरंच नसतील तर पुढल्या वर्षी शाळेला कुलूप लागेल, असं मास्तर हसत हसत सांगत होते.

जिवंत ठेवलंस तर लोभही ठेव.

काळुराम


खोपट, ठाणे, ता. २४ एप्रिल १९९१

चि. काळुरामास अ. उ. आ.

सखूला भात आणि बोंबलाचं कालवण घातलं. बाकी बायकांचं बोलणं तुला कशाला?

आता एक कर. बैठकीत नियम मांड, की ज्याच्या घरचं पोर जूनपासून गावच्या शाळेत जाणार, त्याचीच हळद पटांगणात. घरात लहान पोर नसेल त्याने भाच्याला आणावं. नियम सखूच्या तोंडून जाऊ दे, कारण तुझं ऐकणारं गावात कुणी नाही. आणि पहिलं नाव शीलाचं घाल, नाहीतर गोविंदाला उसाच्या रसाच्या टपरीवर हळद लावावी लागेल.

हळदीला येतेच आहे. लोभ तेव्हाच मोजून घेईन.

तुझी आत्या


उंबरटेप, ता. १० जुलै १९९१

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हळदीची व्हिडिओ कॅसेट आली. गुडघे दुखतात म्हणणारी माझी आत्या बेंजोपुढे कशी नाचली, ते सगळ्या गावाने दोनदोनदा पाहिलं.

नियमापुढे सगळे वाकले, वर्ग भरला. शीलाची आई माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हती. शीला मात्र खूश आहे, आता ती दारात थांबत नाही, सरळ आत घुसते.

पण आत्या, मास्तरांना एकदाची बदली मिळाली आणि दुसरं कुणी अजून आलेलं नाही. शिक्षण खात्याच्या ऑफिसात विचारायला गेलेलो, पाहू म्हणाले. पोरं येतात, घंटा बडवतात, एकमेकांना बडवतात आणि घरी जातात. यंदाच्या हळदी आटोपल्यात, त्यामुळे लोकांना आता नियम जड झालाय. येत्या आठवड्यात पोरं परत कल्याणला घालायची, असं बोलणं चाललंय. काल मीच वर्गावर गेलो. सतराच्या पाढ्यात अडकलो आणि पहिलीची पोरंसुद्धा हसली. परत येताना वाईट वाटलं. मला ही शाळा बंद झालेली नकोय. हो, मीच म्हणतोय. फेब्रुवारीतलं पत्र फाडून टाक.

नवा मास्तर मिळेपर्यंत तू येशील का? गुडघ्यांना विचारून कळव.

लोभाची गरज आता मला आहे.

तुझा,
काळुराम


खोपट, ठाणे, ता. १३ जुलै १९९१

चि. काळुरामास अ. उ. आ.

इथे मुलगा चांगला, सून चांगली. टीव्हीपुढची खुर्ची माझी, चहा वेळेवर. मला काहीच करावं लागत नाही, आणि इतकी मोठी शिक्षा मी माझ्या नोकरीत कुठल्याही पोराला केली नव्हती. तुझं पत्र वाचून रडले. सुनेला म्हटलं कांदा चिरत होते. ती म्हणाली घरात कांदाच नाही, आणि माळ्यावरची बॅग काढून माझ्यापुढे ठेवली.

गुडघ्यांना विचारलेलं नाही, ते नाही म्हणाले असते. नवा मास्तर आला की मी मागच्या बाकावर बसून त्याच्याकडे लक्ष देईन. तोवर गावाला सांग, की कुणाचंही पोर हललं तर मी त्याच्या घरी जाऊन जेवायला बसेन आणि उठणार नाही.

गुरुवारी सकाळी शहाडला उतरेन. तू एकटा रिक्षा घेऊन ये. मिरवणूक नको, बेंजो तर नकोच. जे पोर मला घ्यायला स्टेशनवर दिसेल, त्याची मी तिथेच गैरहजेरी मांडीन.

बाकी लोभ समोरासमोर.

चंद्रभागाबाई