वजा शून्य

३ जुलै

वजा शून्य! निवृत्त महिलांच्या प्रश्नमंजूषा मंडळाच्या वेबसाइटवर, चारचौघांत, माझी सरासरी – वजा शून्य. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, मान्य. पण शून्याला वजा? कॉन्व्हेंटात गणिताच्या सिस्टरनी असं लिहिणारीला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

वन्संना वजा एक. म्हणजे बाहेरगावच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघातली तिसरी, शेवटची जागा माझी. पहिल्या दोघी सोडल्या तर बाकीच्या आणखी खोलात आहेत. पण हा डाग घेऊन मी जाणार नाही.

४ जुलै

वेबसाइट सुनेनेच केली आहे, पीएचपी नावाच्या भाषेत. म्हणाली, तुमची खरी सरासरी वजा ०.४. जवळच्या पूर्णांकाला नेली की शून्य होते, पण ही भाषा वजा विसरत नाही. (माझ्याच वळणावर गेलेली दिसते.) वन्सं वजा ०.६, म्हणून वजा एक.

"राहू द्या ना आई, कोण बघतंय?"

मी बघतेय!

६ जुलै

आज तिने 'फ्लोअर' लावून पाहिलं. आता मीही वजा एक! फ्लोअर आकड्याला नेहमी खालीच नेतो म्हणे. दुपारी जेवले नाही.

७ जुलै

सुनेने वैतागून दशांशचिन्हापुढचं सगळं छाटूनच टाकलं. मी शून्य. निव्वळ, स्वच्छ शून्य! दोनदा पान उघडून पाहिलं.

८ जुलै

वन्संही शून्य. त्यांचंही ०.६ छाटलं गेलं!

मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा नियम – वेबसाइटवर दिसतं तेच खरं, आणि बरोबरी झाली तर वयाने मोठी असेल ती जाणार. वन्सं माझ्याहून वर्षाने मोठ्या. त्यांचा फोन आला: "तू भांडलीस म्हणून झालं हो हे." आवाजात नुसता मध.

सुनेला म्हटलं, माझं वजा परत लाव. म्हणाली, यादी कालच गेली.

९ जुलै

वन्सं प्रवासाची बॅग मागायला आल्या. माझी. निळी. दिली.

१० जुलै

ट्रंकेच्या तळाशी शाळा सोडल्याचा दाखला सापडला. लग्न ठरवताना आईने माझ्या वयातली दोन वर्षं छाटली होती. ह्यांनाही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

उद्या सकाळी दहा वाजता दाखला घेऊन सेक्रेटरीबाईंकडे. वन्संपेक्षा मी वर्षाने मोठी आहे – आणि पंचेचाळीस वर्षं त्यांना अहोजाहो करतेय!