दोन अशोक

प्रिय अक्का,
दिलसुखनगरहून किशोरचा नमस्कार.

माझं छान चाललंय. चिन्मय आणि सूनबाई कामावर गेले की मी फाटकाजवळच्या अशोकाखाली बसतो. काल शेजारच्या मुलीला सांगत होतो, "हा खोटा अशोक, सीताफळाच्या कुळातला. दक्षिणेकडचा, पण आता गावोगाव लावतात. खरा सीताअशोक चिंचेच्या कुळातला. सह्याद्रीच्या ओल्या रानात होतो. सालीसाठी तोडून तोडून आता धोक्यात आलाय."

ती म्हणाली, "अंकल, मेरेकू मराठी नै आती."

मी हसलो.

आपल्या परसातल्या सीताअशोकाची साल कुणी मागितली तरी देऊ नकोस हं. गुडघा कसा आहे?

सीताअशोकाला फुलं आली की फोन कर. तू बोलावलंस, असं चिन्मयला सांगता येईल.

तुझा,
किशोर