उजव्या हाताच्या मुंग्या

तीर्थरूप आईस, धाकटीचा नमस्कार.

अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. मी सांगतेय आणि खोलीतली मैत्रीण लिहितेय. प्रबंधासाठी दिवसभर लॅपटॉपवर टाइप करून उजव्या हाताला मुंग्या येतात, एवढंच.

काल चहाचा कप हातातून सुटला. भाजलं नाही, चादर तेवढी भिजली. डॉक्टर म्हणाल्या, "हाताला पूर्ण विश्रांती द्या, नाहीतर शस्त्रक्रिया करावी लागेल." त्यांना काय जातंय सांगायला! प्रबंध पंधरा दिवसांत द्यायचाय. सरांकडे मुदत मागितली, तर म्हणाले, "बोटं सगळ्यांचीच दुखतात."

मनगटाला पट्टा बांधून उरलेलं रेटीन. तुझी कंबर कशी आहे? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना? दादाला यातलं काही सांगू नकोस, उगाच धावत येईल.

तुझी,
धाकटी

काकू, ती अंघोळीला गेलीय म्हणून या चार ओळी माझ्या. "आता बरी आहे" असं लिहायला तिने सांगितलं होतं, ते मी लिहिलं नाही. तिची वेणी मी घालते, बटणंही मीच लावते. रात्री उशीत तोंड खुपसून रडते. माझं ऐकत नाही. तिच्या दादाला सांगाच, आणि पत्र मिळताच निघा.