'अशुद्ध'च्या रकान्यात

संजना,

आज तुझ्या वर्गात मुलांसमोर बोलायला मी येणार नाही. उमेळ्याला हंसाआत्याकडे चालले आहे.

टॅब चार्जिंगला लावताना तुझं प्रेझेंटेशन दिसलं. तीन दिवस समोर बसवून माझ्याकडून गावचे शब्द टिपून घेतलेस, आणि ते सगळे 'अशुद्ध'च्या रकान्यात घातलेस? वर माझा हसरा फोटो! चौथीत 'पानी' म्हटलं म्हणून गुरुजींनी मला छडी मारली होती. त्यांच्याकडे टॅब नव्हता, एवढाच फरक. माझी आई शेवटचं 'पानी' मागूनच गेली.

तो फोटो काढून टाक. आणि वर्गात कुणी 'पानी' मागितलं, तर सुधारत बसू नकोस. आधी प्यायला दे.

आजी